गठ्ठ्यातला गटे

पुस्तकांवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या हल्ली चिकार निघतात आणि त्यांची मुखपृष्ठं लांबूनही ओळखू येतात. जुनं दुकान, लाकडी फळ्या, खिडकीत मांजर, कपातून निघणारी वाफ. आत दुकानाची मालकीण असते. तिला काहीतरी जुनं दुःख असतं. दारात आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहूनच त्याला कुठलं पुस्तक लागू पडेल ते तिला कळतं, आणि शेवटच्या प्रकरणापर्यंत बँकेचं कर्ज, बहिणीशी धरलेला अबोला आणि गळकं छप्पर हे तिन्ही मार्गी लागतं. मी या कादंबऱ्या वाचतो. आवडीनं वाचतो, खोटं कशाला बोलू? कार्लोस रुईझ साफोननं 2001 साली ‘द शॅडो ऑफ द विंड’मध्ये बार्सिलोनाच्या एका गल्लीत विसरलेल्या पुस्तकांचं जे स्मशान उभं केलं, तिथे एक रात्र कोंडून घ्यायला मी एका पायावर तयार आहे, तिथल्या डासांचं काय, तेवढं आधी कळायला हवं. पण अशा चार-पाच ओळीनं वाचल्या की पुरणपोळीवर पुरणपोळी झाल्यासारखं होतं. काहीतरी तिखट, निदान कडू तरी हवंसं वाटतं.

अशा वेळी मी बोहुमिल ह्राबालची ‘टू लाउड अ सॉलिट्यूड’ काढतो. मूळ चेक, मी वाचतो ते मायकेल हेन्री हाइमचं इंग्रजी भाषांतर. जेमतेम शंभर पानांची कादंबरी. इथे दुकान नाही, प्रागमधलं एक तळघर आहे. मांजर नाही, उंदीर आहेत. चहा नाही, बिअर आहे, आणि ती किती ते विचारायचं नाही. पुस्तकांवर जीव टाकणारा नायक पुस्तकं लिहीत नाही, विकत नाही, त्यांच्यावर व्याख्यानं देत नाही. यंत्रात घालून दाबतो आणि त्यांचे गठ्ठे बांधतो. हांत्या त्याचं नाव. गेली 35 वर्षं तो रद्दीच्या धंद्यात आहे, आणि ही 35 वर्षं तो आपल्याला जवळपास प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी पुन्हा ऐकवतो. नोकरीत मुरलेल्या माणसाची ही सवय ज्यांच्या घरात कुणी निवृत्त आहे, त्यांना वेगळी सांगायला नको.

हांत्याच्या तळघराच्या छताला झाकण आहे. ते उघडलं की वरच्या अंगणातून रद्दीचा लोंढा खाली येतो. कचेऱ्यांच्या फायली, नाटकांची फाटलेली तिकिटं, आइस्क्रीमचे चिकट कागद, खाटकाच्या दुकानातले रक्तानं भिजलेले कागद आणि त्या कागदांचा पिच्छा न सोडणाऱ्या माश्या. हिरवं बटण दाबलं की यंत्राची भिंत पुढे सरकते, लाल दाबलं की मागे येते. दिवसभर हेच: हिरवं, लाल, हिरवं, लाल. पण त्या राड्यात मध्येच एखादं जुनं, सोनेरी अक्षरांचं पुस्तक येतं, आणि हांत्याचा हात बटणावरून उठतो. तो ते पुसतो, उघडतो, हुंगतो, पहिलं वाक्य वाचतो. मग एकतर ते झोळीत जातं, किंवा त्याचा अंत्यविधी होतो. अंत्यविधी म्हणजे काय, तर गठ्ठा करताना त्याच्या ऐन पोटात ते पुस्तक उघडून ठेवायचं. कधी नित्शे, कधी हेल्डरलिन, कधी गटे. आपल्याकडे गटे म्हटलं की शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचणारा जर्मन कवी. शाळेत कुणा ना कुणा मास्तरांनी तो आपल्यासमोर नाचवलेला असतोच. इथे तोच गटे खाटकाच्या कागदांत निजलेला. वर गठ्ठ्याच्या चारही अंगांना व्हॅन गॉग, गोगँ अशा चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती. सजवलेला हा गठ्ठा ट्रकवर चढणार, कागदाच्या गिरणीत जाणार आणि तिथे त्याचा लगदा होणार. आत गटे आहे हे ट्रकवाल्याला माहीत नाही, गिरणीवाल्याला माहीत नाही. साहेबाला एवढंच माहीत आहे की हा माणूस कामात ढिला आहे, आणि तो झाकणाशी येऊन वरून खच्चून ओरडतो.

माझा या कादंबरीवर जीव जडला तो या गठ्ठ्यांपायी. ग्रंथप्रेमाची इतकी निरुपयोगी, इतकी बिनबोभाट तऱ्हा मी दुसरीकडे वाचलेली नाही. ग्रंथप्रेमी माणसाला एरवी साक्षीदार लागतो. कपाटाला काच लागते, पाहुण्यांची नजर जाईल अशा उंचीवर जाड चरित्रं लागतात, ‘सगळी वाचलीत का हो?’ असं विचारणारा एखादा मेव्हणा लागतो. हांत्याचं ग्रंथालय प्रागच्या रस्त्यावरून ट्रकमधून जातं आणि संध्याकाळपर्यंत उरत नाही.

रद्दी या विषयात मराठी माणूस अडाणी नाही, म्हणूनही असेल. आपल्या मध्यमवर्गीय घरांत महिन्याचा एक रविवार रद्दीचा. रद्दीवाला उंबऱ्याशी बसतो, सुतळी काढतो, तागडी उचलतो, आणि घरातला कर्ता पुरुष काट्याकडे असा बघतो की सोनारानंही शरमावं. इंग्रजी पेपरला भाव जास्त, मराठीला कमी, हा अपमान आपण आपापल्या उंबऱ्यात उभं राहून गेली कित्येक वर्षं निमूट गिळतो आहोत. गुळगुळीत कागदाच्या मासिकांना तर त्याहून कमी, ती ‘चालत’ नाहीत. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं 1909 साली दिवाळी अंकाचा पायंडा पाडला. त्याचं कौतुक पुष्कळ झालं; पण दिवाळीत अपूर्वाईनं आणलेले अंक पुढच्या जानेवारीत कुठे ठेवायचे, याचा पायंडा अजून कुणी पाडलेला नाही. ते आधी टीपॉयवर असतात, मग टीपॉयच्या खाली, मग पलंगाखाली, आणि एका रविवारी सुतळीत.

आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याचं स्वतःचं असं समीक्षाशास्त्र आहे. त्याच्याकडे पुस्तकांचे तीन वर्ग. शाळेची पुस्तकं जूनपर्यंत जपायची. इंग्रजी जाडजूड कादंबऱ्या आणि इंजिनिअरिंगची पुस्तकं बाजूला काढायची, कॉलेजची मुलं नेतात. उरलेली सगळी ‘बाकी’. कवितासंग्रह बाकीत येतात, आणि त्यांच्याबद्दल त्याला खरंखुरं धंद्याचं दुःख आहे: वजनच भरत नाही. पुस्तक हातात आलं की तो आधी दोन्ही पुठ्ठे मागे दुमडून धरतो आणि ते उलटं करून झटकतो. पानांतून काय पडेल सांगता येत नाही. एस.टी.चं तिकीट, विम्याची पावती, जाळी झालेलं पिंपळपान, कुणाच्या तरी बारशाचं निमंत्रण. एकदा माझ्यासमोर एका आध्यात्मिक ग्रंथातून लॉटरीची तिकिटं पडली, चांगली पाच-सहा, सगळी एकाच सोडतीची. त्यानं ती माझ्याकडे न बघता खिशात घातली. मग पुठ्ठे टराटरा फाडले, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, आणि उघडा पडलेला ग्रंथ ढिगावर टाकला. अशा वेळी मला हांत्या आठवतो. हा आमचा माणूस ढिगाऱ्यातलं पुस्तक घरी नेत नाही, बिअर पीत नाही, नित्शे तर नाहीच नाही. पण कुठल्या पुस्तकाला माणसांनी हात लावलेला आहे आणि कुठलं कोरं राहून गेलं आहे, हे त्याला नुसत्या झटकण्यावरून कळतं. समारंभात भेट मिळालेली पुस्तकं तो पानं न उघडता ओळखतो.

कादंबरी विनोदी आहे, हे मला लोकांना पटवून द्यावं लागतं. विषय सांगितला की ऐकणाऱ्याचा चेहरा सुतकी होतो: चेक, कम्युनिस्ट राजवट, पुस्तकांचा नाश. पण हांत्याकडे येणारी माणसं बघा. पलीकडच्या चर्चचा एक सेवक आहे, त्याला विमानांचं वेड. तो देवाधर्माचं काही मागत नाही, विमानविद्येवरचं काही आलं तर बाजूला ठेव म्हणतो. नोकरी गेलेला एक प्राध्यापक आहे, तो जुन्या नाट्यपरीक्षणांच्या शोधात असतो. विस्मरणात गेलेल्या नाटकांची, विस्मरणात गेलेल्या समीक्षकांनी केलेली परीक्षणं. ती मिळाली की तो दहा क्राऊन काढून देतो, जणू काही चोरीचा मालच घेतोय. त्याची आणखी एक गंमत आहे. या तळघरात एक म्हातारा हांत्या आणि एक तरुण हांत्या अशी दोन माणसं काम करतात, अशी त्याची पक्की समजूत आहे. एकाच्या हातावर पैसे ठेवतो आणि दुसऱ्याला जप म्हणून सांगतो. हांत्या त्याचा गैरसमज दूर करत नाही. दोन्ही भूमिका मन लावून वठवतो. मी हा भाग वाचताना दर वेळी हसतो, आणि दर वेळी कळतं की प्राध्यापकाचं तसं काही चुकलेलं नाही. पुस्तक हुंगणारा आणि हिरवं बटण दाबणारा, दोघं तिथे खरंच आहेत. पगार तेवढा एकाचा मिळतो.

शिवाय त्या काळच्या प्रागमध्ये शिकलेली माणसं बऱ्याच अंशी जमिनीखाली होती. बॉयलरच्या खोलीत कोळसा ओढणारा पदवीधर, गटारं साफ करणारे माजी विद्वान. या गटारवाल्यांकडून हांत्याला खालच्या जगाची खबर मिळते: शहराखाली उंदरांच्या दोन टोळ्यांत महायुद्ध पेटलेलं आहे. विद्वानांनी त्याचा रीतसर अभ्यास चालवला आहे. विद्यापीठातून हाकललं तरी अभ्यासाची खोड जात नाही, हे आपल्याकडच्या एखाद्या सेवानिवृत्त विभागप्रमुखाच्या शेजारी राहिलेल्या कुणालाही पटेल.

आणि हांत्याचं घर! 35 वर्षांत झोळीतून आणलेल्या पुस्तकांनी ते असं भरलंय की पलंगाच्या डोक्यावर फळ्या ठोकून त्यांवर दोन टन पुस्तकं रचलेली आहेत. संडासातसुद्धा वर पुस्तकं. बेतानं बसायचं, बेतानं उठायचं. जरा खांदा लागला की ज्ञानभांडार अंगावर. रात्री उंदीर फळ्या कुरतडताना ऐकू येतात आणि हा खाली डोळे टक्क उघडे ठेवून पडलेला. पुस्तकप्रेमाचं हे चित्र मला सगळ्यात खरं वाटतं. ‘वाचाल तर वाचाल’ असं लिहिलेल्या फलकाखाली या माणसाला उभं करायची कुणाची छाती होणार नाही. तो वाचतो भरपूर. वाचेल की नाही याची मात्र शाश्वती नाही.

आमच्याकडे फळ्या नाहीत, माळा आहे. दोन खोल्यांच्या मधल्या बोळावर, हात वर केला की लागेल इतका. त्यावर पूर्वी पितळेची भांडी आणि गाद्या असत. मी हळूहळू भांडी खाली आणली आणि पुस्तकं वर नेली. हिच्या लक्षात यायला दोन दिवाळ्या गेल्या. “अहो, त्या माळ्याला मधोमध पोट आलंय,” ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, “वयानुसार येतंच.” तिनं माझ्याकडे नखशिखांत पाहिलं आणि पुढे काही बोलली नाही. पण तेव्हापासून ती त्या बोळातून जाताना चालत नाही, लगबगीनं पळते. धाकट्या नातीला तो खेळ वाटतो, तीही पळते.

तर हे सगळं हसू एका बाजूला ठेवून कादंबरी अधूनमधून अशी काही गळ्याशी येते की बिअरचा तिला काही उपाय नसतो. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रशियाच्या राजेशाही ग्रंथालयातली पुस्तकं एका ठिकाणी सापडतात. चामड्याच्या बांधणीची, सोनेरी कडांची. ती युद्धातली लूट ठरतात आणि रेल्वेच्या उघड्या वाघिणींत भरली जातात. पाऊस लागलेला. दिवसचे दिवस पाऊस. वाघिणींच्या फटींतून काजळी, शाई आणि सोनं मिसळलेलं पाणी गळतंय, आणि हांत्या ते बघत उभा. पुढे तो एका पोलिसाकडे जातो आणि मला बेड्या घाल म्हणतो, माणुसकीविरुद्ध गुन्हा झालाय. पोलीस हसतो. आपल्याकडेही हसला असता. तक्रार अर्ज कोणत्या कलमाखाली घ्यायचा हा प्रश्न त्यालाही पडला असता. त्यानंतर काय होतं? हांत्या सरावतो. आणखी ग्रंथालयं येतात, आणखी वाघिणी भरतात, आणि नाशातही त्याला एक प्रकारचं सौंदर्य दिसायला लागतं. ह्राबाल त्याला दोष देत नाही, माफही करत नाही. गोड कादंबऱ्यांत पुस्तकाचा शत्रू बाहेरून येतो, कुणी बिल्डर असतो, कुणी हुकूमशहा. इथे ज्याला पुस्तकाची सगळ्यात जास्त कळ येते, त्याच्याच हाताखाली बटण आहे.

हे ह्राबालला कुठून सुचलं याचं उत्तर सोपं आहे: तो ते काम करत होता. जन्म 1914 चा, लहानपण निम्बुर्क गावच्या बिअरच्या कारखान्यात. सावत्र वडील तिथे व्यवस्थापक. (बिअरचं मूळ हे असं लांबवर जातं.) कायदा शिकायला गेला तर 1939 मध्ये जर्मनांनी चेक विद्यापीठं बंद केली, पदवी हाती पडायला 1946 उजाडलं. वकिली कधीच केली नाही. रेल्वेत होता, पोलादाच्या कारखान्यात होता, तिथे जबर अपघात झाला, आणि 1954 पासून काही वर्षं प्रागच्या स्पालेना रस्त्यावरच्या रद्दीच्या डेपोत. हांत्या हे तिथल्या एका सहकाऱ्याचं टोपणनाव. कथांचं पहिलं पुस्तक आलं ते 1963 मध्ये, म्हणजे पन्नाशीला टेकता टेकता. आपल्याकडे या वयाला लेखकाचा अमृतमहोत्सव कोण करणार यावर बैठका सुरू झालेल्या असतात.

पुढची गंमत आणखी चेक. 1968 मध्ये रशियन रणगाडे आले आणि 1970 मध्ये ह्राबालची दोन नवी, छापून तयार झालेली पुस्तकं सरकारनं बाजारात न येऊ देता लगद्याला पाठवली. ज्यानं पूर्वी इतरांची पुस्तकं दाबली, त्याचीच पुस्तकं कुणा दुसऱ्या हांत्याच्या यंत्राखाली गेली. पुढे 1975 मध्ये त्यानं सरकारला गोड वाटेल अशी एक मुलाखत दिली, त्यामुळे काही पुस्तकं पुन्हा छापायची परवानगी मिळाली. तर सरकारविरोधी तरुण भडकले आणि त्यांनी प्रागच्या काम्पा बेटावर त्याच्या पुस्तकांची होळी केली. सरकारनं लगदा केला, सरकारच्या विरोधकांनी जाळलं. दोन्ही बाजूंचा इतका एकमुखी प्रतिसाद फार थोड्या लेखकांच्या नशिबी असतो. त्याच सुमारास, 1976 मध्ये, त्यानं ही कादंबरी लिहिली. आधी मुक्तछंदात, मग प्रागच्या बोलभाषेत, मग ग्रंथभाषेत, असे तीन खर्डे. टंकलिखित प्रतींतून ती चोरून वाचली गेली. मायदेशात उजळ माथ्यानं छापली गेली 1989 मध्ये.

म्हणून मला यातलं ग्रंथप्रेम सोवळ्यातलं वाटत नाही. ते ओलं आहे, त्याला वास आहे, त्यावर माशा बसतात. आपण पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करतो आणि दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकं पुजतो. चांगलंच आहे. पण पूजेतली पुस्तकं त्या दिवशी वाचायची नसतात, हेही आपणच ठरवलंय आणि ते आपण फार निष्ठेनं पाळतो. कित्येक घरांत तर दसरा वर्षभर असतो. हांत्या पुस्तकाला नमस्कार करत नाही. त्याच्या हाताला शाई लागते, पुस्तकाला त्याच्या हाताची घाण लागते, आणि या देवाणघेवाणीत तो नकळत शिकून जातो. इतका, की आपल्या डोक्यातलं आपलं कुठलं आणि वाचलेलं कुठलं हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. मला तर हे फार ओळखीचं वाटतं. फरक इतकाच, की आपण अशा वेळी ‘मी नेहमी म्हणतो’ अशी सुरुवात करून ते ठोकून देतो.

एका जागी मात्र माझं ह्राबालशी जमत नाही. बुब्नी भागात नवं अजस्र यंत्र येतं, हांत्याच्या यंत्राच्या वीसपट काम करणारं. हांत्या ते बघायला जातो. तिथे तरुण कामगार हातमोजे घालून उभे आहेत. पुस्तकांच्या नव्याकोऱ्या प्रती पट्ट्यावरून येतात आणि ही मुलं त्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. सुट्टीत ग्रीसला जायचे बेत करतात. आणि दूध पितात! दूध पाहून हांत्याच्या काळजाचं पाणी होतं. संपूर्ण कादंबरीत इतका उघडा धिक्कार दुसऱ्या कशाचा नाही. प्रकरण जबरदस्त उतरलंय यात वाद नाही; पण मला त्या मुलांची बाजू घ्यावीशी वाटते. ती मुलं हातमोजे घालतात कारण कागदानं हात कापतात. आणि ग्रीसला जायचं म्हणतायत तर जाऊ देत की! हांत्यानं ग्रीस पुस्तकात पाहिलं, यांना बोटीतून पाहायचंय. प्लेटो न वाचता अथेन्सला गेलेला माणूस निदान ऊन तरी खाऊन येतो. आपल्याकडेही ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ हे वाक्य ज्या सभांमध्ये म्हटलं जातं, त्या सभांना मी जात असतो. तिथे पहिल्या रांगेत बसलेल्यांनी गेल्या वर्षात काय वाचलं, हे कुणी विचारत नाही, ही त्या सभांची मोठी सभ्यता.

पण मग त्याच पानांवर हांत्याचं निवृत्तीचं स्वप्न आठवतं आणि मी पुन्हा त्याच्या बाजूला जातो. सेवेची पाच वर्षं राहिलीत. पैसे साठवायचे, निवृत्तीच्या दिवशी हे जुनं यंत्र डेपोकडून विकत घ्यायचं आणि मामाच्या बागेत नेऊन बसवायचं. मामा रेल्वेतून निवृत्त झालेला, त्यानं बागेत सिग्नलची केबिन उभारलीय, रूळ टाकलेत, आणि म्हातारे रेल्वेवाले जमून तिथे गाडी गाडी खेळतात. तिथे हांत्या रोज एकच गठ्ठा करणार. घाई नाही, साहेब नाही, माश्या नाहीत. एकच, पण असा की 35 वर्षांत जे जे शिकला ते सगळं त्यात उतरेल. नोकरीतून सुटल्यावर तेच काम मनासारखं करायचं, याहून मोठी चैन माणसाला सुचत नसावी. माझ्या ओळखीचे एक कारकून निवृत्तीनंतर सोसायटीचा पत्रव्यवहार बघतात. जावक क्रमांक घालून. त्यांच्या तोंडावर जो आनंद असतो तो मी दुसऱ्या कुणाच्या पाहिला नाही. हांत्याचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही. ज्याला वाचायचीय त्यानं वाचावी. नाहीतर त्या हिरव्या बटणावरून अंदाज बांधावा.

ही कादंबरी मी लोकांच्या गळ्यात मारत असतो. परवा आमच्या एका मित्राला दिली. हा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला, आयुष्यभर पूल आणि शाळांच्या इमारती तपासल्या. कथाकादंबऱ्यांचा त्याला राग नाही, त्या आहेत याचीच फारशी नोंद नाही. आठवड्यानं पुस्तक घेऊन आला, चहा झाला, मी अधीर होऊन विचारलं, “काय रे, कशी वाटली?”

“माणूस बरा आहे,” तो म्हणाला. “पण हा झोपतो कुठे बघ. दोन टन म्हणजे दोन हजार किलो. पलंग साडेसहा फूट बाय सहा धरला, तरी चौरस मीटरला साडेपाचशे किलो पडतात. आपल्याकडे राहत्या घराला दोनशे धरतात. ग्रंथालयाच्या कपाटांच्या दालनाला सहाशे. म्हणजे हा माणूस ग्रंथालयाच्या तळाला टांगून घेतल्यासारखा झोपतोय, तेही नुसत्या फळ्यांवर भिस्त ठेवून. शिवाय उंदीर. लाकडाला उंदीर लागले की तू ताकद निम्मी धर.”

मी म्हटलं, अरे, ते प्रतीक आहे.

“असू दे ना. प्रतीक कोसळलं तर खाली माणूसच आहे.”

आतून हिचा आवाज आला, “भाऊजी, जाताना जरा आमच्या माळ्याकडे बघून जाल?” तो लगेच उठला. खिशातून टेप काढली. अशी माणसं टेप घेऊनच हिंडतात. माळ्याची लांबी, रुंदी, मधला झोल, सगळं मोजलं. तो गेल्यावर मी पुस्तक उघडलं, तर शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं नीट आकडेमोड मांडलेली. फळ्यांची जाडी, आधाराचं अंतर, पुस्तकांचा भार, उंदरांसाठी सूट. सगळ्यात खाली उत्तर, त्याखाली दोन रेघा, आणि कंसात एक टीप: बिअरचं वजन धरलेलं नाही.